खरं बोलणारा साक्षीदार

लहानपणी आम्ही नदीवर चपटे दगड शोधून पाण्यावर भाकऱ्या काढायचो. दगड टप्पे खात लांब जायचा. ‘उडती तबकडी’ या शब्दाच्या मुळाशी असाच खेळ आहे, हे मला फार उशिरा कळलं.

२४ जून १९४७. केनेथ अर्नोल्ड अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यावरून आपलं छोटं विमान उडवत होता. वय ३२, धंदा आग विझवायची उपकरणं विकण्याचा. सैन्याचं एक मालवाहू विमान डोंगरात बेपत्ता होतं आणि शोधणाऱ्याला ५,००० डॉलरचं बक्षीस होतं. म्हणून तो माउंट रेनियरजवळ थोडा रेंगाळला. तिथे त्याला नऊ चकाकत्या वस्तू रांगेनं जाताना दिसल्या. दोन शिखरांमधलं अंतर त्या किती वेळात कापतात, हे त्यानं घड्याळात पाहिलं: १ मिनिट ४२ सेकंद. हिशेबानं वेग निघाला ताशी १,६०० मैलांच्या वर. तोवर कुठल्याच वैमानिकानं सरळ उड्डाणात आवाजाचा वेग ओलांडल्याची नोंद नव्हती.

पाण्यावर बशी फेकली तर ती जशी उसळत जाईल तशा त्या उडत होत्या, असं आपण सांगितल्याचं तो पुढे म्हणाला. वर्णन चालीचं होतं; वर्तमानपत्रांनी ते आकाराला चिकटवलं. सैन्याला दिलेल्या त्याच्या चित्रात वस्तू पूर्ण गोल नाही, मागे निमुळती आहे. आपल्या ‘तबकडी’तही तीच गफलत उतरली.

१२ जुलैला गुप्तवार्ता विभागाचे दोन अधिकारी, कॅप्टन विल्यम डेव्हिडसन आणि लेफ्टनंट फ्रँक ब्राउन, त्याला भेटायला बॉइसीला गेले. हे कागद आज कुणालाही वाचता येतात. मला त्यात सगळ्यात लक्षात राहिला तो ब्राउन यांचा निष्कर्ष: हा माणूस सांगतो ते त्यानं खरंच पाहिलं असावं. ते आकाशाबद्दल काही ठरवत नाहीत, फक्त माणसाला पारखतात. आकाश तर केव्हाच रिकामं झालेलं. हाताशी उरला होता तो साक्षीदारच.

महिन्याच्या शेवटी अर्नोल्डनं त्यांना टकोमाला बोलावलं. तबकडीतून पडलेले तुकडे आपल्याकडे आहेत, असं तिथल्या दोघांचं म्हणणं होतं. अधिकारी लगेच आले, ऐकून घेतलं आणि रात्रीच परत निघाले. १ ऑगस्टच्या पहाटे त्यांच्या बी-२५ विमानाच्या इंजिनाला आग लागली. दोघं पॅराशूटनं वाचले; डेव्हिडसन आणि ब्राउन केल्सोजवळ विमानासोबत कोसळले. तुकड्यांची गोष्ट बनाव असल्याचं पुढे तपासात ठरलं. एक साक्षीदार प्रामाणिक निघाला म्हणून ते दुसऱ्यांचंही ऐकायला गेले होते.

त्यानंतर हवाई दलानं १९६९पर्यंत १२,६१८ नोंदी तपासल्या. त्यातल्या ७०१ उलगडल्या नाहीत. अर्नोल्डच्या नोंदीवर त्यांनी शेरा मारला: मृगजळ. त्याला तो कधीच पटला नाही.

मला मात्र ब्राउन यांचा निष्कर्ष आणि हा शेरा एकमेकांच्या विरोधात वाटत नाहीत. मृगजळ पाहणारा खोटं बोलत नसतो. पण कुणी काही विचित्र पाहिल्याचं सांगितलं की आपण लगेच दोनच खण मांडतो: खरं किंवा थाप. प्रामाणिकपणे चुकलेल्या माणसाला त्यात जागाच नसते. अर्नोल्ड चुकला असेलही. पण दोन अधिकाऱ्यांनी त्याला आधी नीट ऐकून घेतलं होतं.