काचेची वाटी आणि डोळ्यातलं पाणी

"लेन्स लावली की डोळ्यातलं पाणी आटतं," असं आपल्या बैठकांत कुणी ना कुणी म्हणतंच. मुलीला डॉक्टरांनी लेन्स सांगितली की आयांना हीच धास्ती. यात खरं किती, ते आज लेन्सच्या इतिहासातून पाहू.

आधी डोळ्याचं काम समजून घेऊ. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला रक्तवाहिन्या नसतात. तो प्राणवायू घेतो हवेतून, अश्रूंच्या पातळ थरामार्फत. पापणी मिनिटाला साधारण १२ ते १५ वेळा लवते आणि अंगण सारवावं तसं ते पाणी सारखं पसरवते. पापणीच्या कडेतून थोडं तेल सुटतं, म्हणून पाणी लगेच उडून जात नाही.

१८८७ साली जर्मनीतल्या वीसबाडेनमध्ये म्युलर कुटुंब काचेचे कृत्रिम डोळे बनवत असे. त्यांच्याकडे एक रुग्ण आला. त्याची पापणी आजाराने गेली होती. पापणीच नाही, तर डोळा सुकणारच. म्युलरांनी पातळ काचेची वाटी करून डोळ्यावर बसवली आणि डोळा वाचला.

१८८८ साली झ्यूरिखचे डॉक्टर फिक यांनी नजर सुधारण्यासाठी अशा वाट्या केल्या. आत द्राक्षसाखरेचं पाणी भरलं. आधी सशांवर, मग स्वतःवर प्रयोग केला. पण वाटी दोनेक तासांच्या वर सोसवेना. काचेतून प्राणवायू जात नाही आणि आतलं पाणी बदलत नाही, म्हणून पडदा धुरकट व्हायचा.

१९४८ साली अमेरिकेत केविन टूही यांनी प्लास्टिकची छोटी लेन्स केली. ती अश्रूंवर तरंगायची. पापणी लवली की हलायची आणि खाली ताजं पाणी शिरायचं. पण कडा टोचायची, म्हणून माणसं पापणी अर्धीच मिटायची.

१९६१ च्या नाताळात प्रागचे ओटो विक्टर्ले यांनी मुलांच्या खेळण्यातले भाग जोडून घरीच यंत्र केलं आणि मऊ, पाणी धरणारी लेन्स घडवली. ती टोचेना. मात्र कोणतीही लेन्स अश्रूंच्या थराचे दोन भाग करते. वरचा भाग पातळ होऊन लवकर तुटतो, म्हणून डोळा कोरडा वाटतो. म्हणजे अश्रू बनवणारी ग्रंथी आटत नाही, आहे ते पाणी लवकर उडतं.

आज फार कोरड्या डोळ्यांसाठी किंवा बुबुळ शंकूसारखं पुढे आलं असेल तर मोठी स्क्लेरल लेन्स देतात. ती वीसबाडेनच्या वाटीचीच नात. ती टेकते पांढऱ्या भागावर, बुबुळाला लागत नाही. आत निर्जंतुक सलाईन असतं, आणि हे प्लास्टिक प्राणवायू जाऊ देतं. ती नवे अश्रू बनवत नाही, पण बुबुळ दिवसभर ओलं ठेवते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत असे उपचार होतात.

म्हणून गटात आम्ही एवढंच सांगतो: लेन्सला विहिरीचं, नळाचं पाणी किंवा थुंकी लावू नका. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती घालून झोपू नका. मोबाईल पाहताना पापणी पूर्ण मिटा. डोळा लाल झाला, दुखला, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.