फाउंड्रीतून हाडाकडे

जालना 1 मे 1981 रोजी औरंगाबादपासून वेगळा होऊन जिल्हा झाला, तेव्हा सीटी स्कॅनला दहावं वर्ष सुरू होतं. 1 ऑक्टोबर 1971 ला विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा काप टिपला. चित्र अवघं 80 बाय 80 चौकटींचं. यंत्र बनवणारी ईएमआय ही कंपनी मूळची गाण्यांच्या तबकड्यांची!

पण काप म्हणजे आकार नव्हे. फिल्मवर ओळीने छापलेले काप डॉक्टर बघत आणि हाड मनातल्या मनात उभं करत. हे काम त्यांच्या डोक्यातून बाहेर काढलं ते कारखान्याशी नातं असलेल्या माणसांनी. चार्ल्स हल याने 1984 मध्ये द्रव राळेचे थर प्रकाशाने घट्ट करत वस्तू घडवण्याच्या पद्धतीसाठी, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगसाठी, पेटंटचा अर्ज केला. त्याचा हेतू यंत्रांचे नमुने झटपट बनवण्याचा होता. जनरल इलेक्ट्रिकच्या लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी 1987 मध्ये कापांच्या ढिगातून त्रिकोणांचा पृष्ठभाग विणणारी 'मार्चिंग क्यूब्ज' ही रीत मांडली.

महाराष्ट्रातही हाड संगणकावर उभं करण्याची ही विद्या ओतकामाच्या वाटेने आली. मुंबईच्या आयआयटीत तेव्हा प्राध्यापक असलेले बी. रवी हे मूळचे कास्टिंगचे तज्ज्ञ. साच्यात ओतलेला रस कुठे शेवटी गोठेल, पोकळी कुठे राहील, हे संगणकावर आधीच ताडणं हा त्यांचा विषय. जालन्यात भंगार वितळवून सळया काढणाऱ्यांना ही धास्ती समजावून सांगावी लागणार नाही. रवी यांच्या ऑर्थोकॅड प्रयोगशाळेने टाटा मेमोरियल रुग्णालय आणि हैदराबादच्या एनएफटीडीसी या धातू-संशोधन संस्थेसोबत गुडघ्याजवळच्या हाडाच्या कॅन्सरसाठी देशी कृत्रिम सांध्यावर काम केलं. पाय कापण्याऐवजी गाठ काढून तिथे सांधा बसवायचा, तोही आयात मालाइतका महाग नको. 2014 मध्ये राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पैशातून आयआयटीत 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र उभं राहिलं. शाखा पुण्याच्या सीओईपीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत.

स्कॅनमधून हाडाचं मॉडेल काढण्याचं प्रत्यक्ष काम मात्र चिकाटीचं. स्कॅनमधल्या प्रत्येक बिंदूला एक आकडा असतो: पाणी शून्य, हवा उणे 1000, हाड काही शेकड्यांपासून पुढे. ठरावीक आकड्यावरचं सगळं ठेवा म्हटलं की सांगाडा उभा राहतो, पण मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या वाटीला चिकटूनच येतो. तिथे माणूस बसतो आणि एकेका कापावर दोघांमधली फट खोडून मोकळी करतो. आत जुना रॉड असेल तर त्याच्या भोवती पांढऱ्या रेघांचा चकवा पसरतो. मग हाड कुठे संपलं हे अनुभवानेच ठरवावं लागतं.

आता साधनं महाग राहिलेली नाहीत. मार्चिंग क्यूब्जचं पेटंट 2005 मध्ये संपलं, 'थ्रीडी स्लायसर' फुकट मिळतं. जालन्यात 2024 पासून सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. अडतं ते साध्या जागी. पेशंटच्या पिशवीत फिल्म असते, आणि फिल्मवरून मॉडेल होत नाही; स्कॅन सेंटरवर सीडी मागून घ्यावी लागते. त्या सीडीत पाच मिलिमीटरचे जाड कापच साठवले असतील, तर हाडाला जिन्यासारख्या पायऱ्या पडतात. एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक काप मशीनवर शिल्लक नसतील, तर स्कॅन पुन्हा काढण्यावाचून गत्यंतर नसतं.