मोडीत निघालेली लक्ष्मी

तर झालं असं, की न्यूजर्सीहून भाच्याचा फोन आला. "मावशी, पणजीच्या घरात ती लक्ष्मी होती ना, हत्ती हार घेऊन उभा असलेली, तशी मिळेल का कुठे?" त्यानं ती फक्त एका जुन्या फोटोत पाहिलेली. मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ नुसती बसून राहिले. कारण ती लक्ष्मी जिना उतरून भंगारवाल्याच्या गाडीवर मीच ठेवून आले होते.

साल १९७८. गिरगावातल्या आमच्या खोलीला रंग काढायचा होता. तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, दोन हंडे सगळं मोडीत दिलं. घरोघरी तेच चाललं होतं. पितळ घासायचा कंटाळा आणि स्टीलचं कौतुक! तांब्या-पितळेचं निदान वजन झालं. चित्र गेलं फुकट, वरकड म्हणून. आजी काही बोलली नाही.

मुंबईत जुनं शोधायचं म्हणजे चोर बाजार. या बेटाच्या शहरात जगभरातून बोटी आल्या. घड्याळं आली, काचेच्या हंड्या आल्या, चिनी बरण्या आल्या आणि श्रीमंतांचे दिवस फिरल्यावर त्यातलं बरंच मटन स्ट्रीटवर येऊन टेकलं. मूळ नाव 'शोर बाजार', साहेबाच्या तोंडी त्याचं 'चोर' झालं, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. मला मात्र तिथं चोरीच्या मालापेक्षा आपणच टाकलेला माल जास्त दिसतो. आमच्या बंबासारखे पाच-सहा बंब एका दुकानाबाहेर झळाळत उभे होते. आता त्यांत म्हणे झाडं लावतात!

शुक्रवारी दुकानं बंद असतात आणि रस्त्यावरचा जुना बाजार भरतो, म्हणून मी शनिवारी गेले. तिसऱ्या दुकानात लक्ष्मी भेटली. एक नाही, तीन.

इथं थोडा इतिहास सांगायलाच हवा. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं राजवाड्यांत असायची. ती छापून घरोघरी पोचवावीत, असं त्याला सर टी. माधवरावांनी सुचवलं होतं. १८९४ मध्ये मुंबईत त्याचा छापखाना सुरू झाला, यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एकावर एक रंग चढवत जायचं. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. धंद्यात खोट आली, पुढे तो श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाकडे वळण्याआधी या छापखान्याचं काम केलेलं. आणि १९७२ च्या आगीत तो छापखानाच गेला.

पण त्यातून झालं काय, तर ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकता येत नव्हतं, त्यांच्याही भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती आल्या. आज डोळे मिटल्यावर आपल्याला जी लक्ष्मी दिसते, ती बरीचशी त्या दगडांवरची आहे.

"ओरिजिनल है, बहनजी," दुकानदार चाचा म्हणाले. मी पर्समधून भिंग काढलं. ते हसले. पहिल्या दोन चित्रांत ठिपके शाळेतल्या मुलांसारखे शिस्तीत रांगेत उभे, म्हणजे आताच्या ऑफसेटची छपाई, चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारी केलेली. तिसऱ्यात ठिपके वेडेवाकडे, वर व्हार्निशची पिवळट साय, खाली छापखान्याचं नाव. आणि पदराच्या काठाला जर नि टिकल्या शिवलेल्या!

माझ्या छातीत धस्स झालं. आमच्या आजीनंही अशाच टिकल्या लावल्या होत्या. पण तिच्या हिरव्या, या लाल. ही दुसऱ्या कुणाची तरी आजी. त्या काळी पुष्कळ बायका चित्र असं सजवायच्या. दुपारची कामं उरकून देवीला साडी नेसवायच्या.

घासाघीस केली, पण मन लावून नाही. किती दिले ते विचारू नका, आमच्या घरात अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

रात्री भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात येणारेत ते घेऊन येतील." मग त्याला १९७२ चा पुरावशेषांचा कायदा सांगितला. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू तुम्हाआम्हाला देशाबाहेर नेता येत नाही. शंभरी भरली की नाही, हे पुरातत्त्व खातं ठरवणार. गंमत बघा, चहात बुडवलेली लक्ष्मी खुशाल विमानात बसू शकते. खरी असेल तर नाही.

"मग मी खोटीच घेऊ का?" तो हिरमुसला.

"घे की. पण खरी बघायला इकडे ये," मी म्हटलं. मग १९७८ ची गोष्टही सांगून टाकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

चित्र आता आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये आहे. आजीची लक्ष्मी परत आली असं मी म्हणत नाही. ती गेली ती गेलीच. पण कुणीतरी मोडीत काढलेली आपल्याकडे आहे, तशी आपली कुणाकडे तरी असेल.

असो. नातेवाईक मंडळी, तुमच्या माळ्यावर काय काय आहे? विकण्याआधी एक फोन करा.