प्रजेच्या नावाची सनद

पराक्रमाचा गौरव करण्याची रीत राज्यसंस्थेइतकी जुनी आहे, आणि गौरवावयाचा तो पराक्रम हाती शस्त्र धरणाऱ्याचाच असावयाचा, हा संकेतही जवळजवळ तितकाच जुना आहे. पेशवाईतील कागदपत्रे चाळणाऱ्यास सरंजाम, इनाम गाव, पालखीचा मान, रणात पडलेल्याच्या मुलाबाळांसाठी बालपरवेशीची नेमणूक, असे राजकृपेचे नाना प्रकार आढळतात. पण त्या सर्वांच्या मध्यभागी उभा असतो तो शिपाई. युरोपातही स्थिती फारशी निराळी नव्हती. ब्रिटनचा सर्वोच्च मान जो व्हिक्टोरिया क्रॉस, तो शत्रूसमोर गाजविलेल्या शौर्यासाठी राखलेला. आणि शत्रू जोवर समुद्रापलीकडे होता, तोवर ही व्यवस्था अपुरी आहे असे फारसे कोणास वाटले नाही.

1940 साली जर्मन विमानांनी रणभूमी घरांच्या छपरांवर आणून उतरविली, आणि जुन्या मोजमापांत न बसणारे धैर्य रोज दृष्टीस पडू लागले. 23 सप्टेंबर रोजी राजे सहावे जॉर्ज यांनी नभोवाणीवरून जॉर्ज क्रॉस आणि त्याखालोखाल जॉर्ज मेडल अशी मुख्यत्वे नागरिकांसाठी दोन पदके स्थापिल्याची घोषणा केली. रुप्याचा साधा क्रॉस, गर्द निळी फीत, मधोमध दैत्यसर्पाचा वध करणारा अश्वारूढ सेंट जॉर्ज, आणि भोवती ‘शौर्यासाठी’ एवढीच अक्षरे.

आठवडाभरातच या क्रॉससाठी ज्यांचे नाव सरकारी राजपत्रात झळकले ते थॉमस ऑल्डरसन हे ब्रिडलिंग्टन येथील बचाव पथकाचे नायक होते. दोन पाच मजली इमारती कोसळून तळघरात अकरा माणसे अडकली असता, ढिगाऱ्याखालून तेराचौदा फूट बोगदा खणीत, धड बसताही येऊ नये अशा अडचणीत साडेतीन तास ते खपत राहिले. गॅसची गळती चालू होती, फुटलेल्या नळांचे पाणी तळघरात भरण्याचे भय होते, माथ्यावर शत्रूची विमाने घोंघावत होती, आणि वरचा ढिगारा केव्हा खचेल याचा नेम नव्हता. तरीही अडकलेल्या सर्वांना त्यांनी बाहेर काढले. या साऱ्या कृत्यात शत्रूवर एकही वार नाही, आणि म्हणूनच त्याची योग्यता मला अधिक वाटते.

परंतु या पदकाच्या इतिहासातील खरे अपूर्व प्रकरण सिसिलीच्या दक्षिणेकडील माल्टा बेटाचे होय. 11 जून 1940 रोजी, म्हणजे इटली युद्धात उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याच्यावर पहिला हल्ला झाला, आणि पुढे दोन वर्षे अवघ्या 316 चौरस किलोमीटरांच्या त्या द्वीपसमूहातील रयतेने चुनखडकात कोरलेल्या भुयारांत रात्री काढल्या. समुद्रमार्गाने येणारी रसद तुटत गेली. शिधा मापून मिळू लागला, रॉकेलही मोजूनमापून. 9 एप्रिल 1942 रोजी मोस्ता गावच्या चर्चमध्ये सुमारे तीनशे भाविक जमले असता भव्य घुमट भेदून एक बॉम्ब आत पडला, फरशीवर घरंगळला, आणि फुटला नाही. त्यानंतर सहाच दिवसांनी, 15 एप्रिलला, राजांनी स्वहस्ते पत्र लिहून गव्हर्नर डॉबी यांस कळविले की, हा क्रॉस माल्टाच्या शूर जनतेच्या सन्मानार्थ त्या दुर्गद्वीपास देण्यात येत आहे.

मानाने पोट भरत नाही, हे त्या बेटाइतके कोणास ठाऊक असणार! ऑगस्टात चौदा मालवाहू जहाजांचा तांडा निघाला, त्यांतील पाचच पोहोचली. त्यांत ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज इतके जर्जर झाले होते की, दोन्ही अंगांस विनाशिका बांधून त्याला तरते ठेवून बंदरात आणावे लागले. तो 15 ऑगस्टचा, मेरीमातेच्या सणाचा दिवस होता. त्याचे कप्तान डडली मेसन हे व्यापारी नौदलातील नागरिक. त्यांनाही पुढे हाच क्रॉस मिळाला.

अखेर 13 सप्टेंबर रोजी व्हॅलेटा येथील राजवाड्यासमोरील चौकात नवे गव्हर्नर लॉर्ड गॉर्ट यांनी ते पदक सरन्यायाधीश सर जॉर्ज बोर्ग यांच्या स्वाधीन केले. प्रजेच्या वतीने हात पुढे करावयाचा तो न्यायाधीशाने, सेनापतीने नव्हे, ही योजना मला अत्यंत उचित वाटते. 1964 साली स्वतंत्र झालेल्या माल्टाने आपल्या पांढऱ्या-तांबड्या ध्वजाच्या कोपऱ्यात तो क्रॉस कायम ठेवला, आणि आजही तो तेथे आहे. तथापि मला त्या ध्वजापेक्षा समारंभानंतरचे दिवस अधिक मोलाचे वाटतात. कारण चौकातील सोहळा आटोपल्यावर, ज्यांच्या नावाने ते पदक आले होते त्यांच्या दृष्टीस ते पडावे म्हणून, ते बेटावरील गावोगाव नेण्यात आले.