लाइटची लाइन, पॉवरची लाइन

तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस वायरिंगवर काय बोलणार, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर दिसतोय. सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या पनवेलच्या घरी ओट्यामागचा एक्स्टेंशन बोर्ड वितळला. इंडक्शन शेगडी, किटली, मिक्सर, सगळं त्या एका बोर्डावर. वास आला म्हणून हिने धावत जाऊन मेन बंद केला. शेजारीच गॅसची नळी होती. वायरमनने भिंतीतलं सॉकेट उघडलं आणि म्हणाला, "सर, ही लाइटची लाइन आहे. पॉवरची इथे नाहीच."

आता बघा, वीज तर एकच. मग लाइटची वेगळी आणि पॉवरची वेगळी, हा भेद आला कुठून?

आपल्याजवळच खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. लोणावळा, वळवण, शिरवता इथल्या तलावांचं पाणी घाटाखाली आणून केलेली ती वीज मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. गिरणीला मोटर फिरवायची, म्हणजे पॉवर हवी. घराला काय हवं? दिवा. फार तर पंखा. पुढे घरात शेगडी, इस्त्री आली, तेव्हा अनेक शहरांत दिवे-पंख्यांचा दर वेगळा आणि पॉवरचा वेगळा, बहुधा कमी, असा हिशेब होता. दोन दर म्हणून दोन मीटर, दोन मीटर म्हणून दोन लायनी. पुढे दर बदलले, मीटर एक झाला, पण भिंतीत गेलेला भेद तसाच राहिला.

लोकांनी त्यातूनही वाट काढली. माझ्या लहानपणी बल्बच्या होल्डरमध्ये बसणारा प्लग मिळायचा. बल्ब काढायचा, तो प्लग बसवायचा आणि आत्या इस्त्री करायची. म्हणजे इस्त्री दिवसाच, कारण रात्री केली तर उजेड कुठला!

आपलं गोल पिनांचं सॉकेट मूळचं ब्रिटिश, १९३४ च्या त्यांच्या मानकातलं. छोटं ५ अँपिअरचं, मोठं १५ चं. आज आपण त्यांना ६ आणि १६ म्हणतो. गंमत अशी की इंग्रजांनी स्वतः ते सोडलं. महायुद्ध चालू असतानाच, युद्धानंतरच्या घरांत वीज कशी असावी हे ठरवायला तिथे एक समिती बसली. वीस सदस्य, त्यात एकच बाई, कॅरोलाइन हॅस्लेट. त्या स्वतः विद्युत क्षेत्रातल्या आणि स्त्रियांच्या विद्युत संघटनेच्या संचालिका. लहान मूल छिद्रात बोट किंवा सळई घालतं, म्हणून आत झडप हवी, हा त्यांचा आग्रह. समितीचा अहवाल १९४४ चा. त्यातूनच १९४७ मध्ये चौकोनी पिनांचा, पोटात स्वतःचा फ्यूज असलेला १३ अँपिअरचा प्लग आला. त्याच्याबरोबर तार कड्यासारखी घरभर फिरवून परत बोर्डावर आणायची पद्धत आली. तांबं वाचतं, आणि सॉकेट वाढवणं सोपं जातं.

१९४७ मध्ये आपण स्वतंत्र झालो आणि जुनी गोल पिन आपल्याकडे राहिली. मी त्याला मागासपणा म्हणणार नाही. त्या कड्यातली तार कुठे तुटली तर दिवे-यंत्रं चालूच राहतात, कुणाला कळत नाही आणि एका बाजूची तार तापत जाते. आपल्याकडे प्रत्येक सर्किट बोर्डावरून स्वतंत्र निघतं, ही पद्धत वाईट नाही. आपल्या राष्ट्रीय विद्युत संहितेने मर्यादाही घातली आहे: लाइटच्या एका सर्किटवर दहापर्यंत पॉइंट आणि ८०० वॉट, पॉवरच्या सर्किटवर जास्तीत जास्त दोन मोठी सॉकेट.

आता आमच्या ओट्याचा हिशेब करा. ६ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट, म्हणजे १३८० वॉट. एकटी इंडक्शन शेगडीच २००० ची! तिची पिन जाड, छोट्या सॉकेटात जात नाही, म्हणून मधे अ‍ॅडॉप्टर. तो कुणी आणला? मीच. आणि विजेचा प्रवाह दुप्पट झाला की तार चौपट तापते, हा ज्यूलचा नियम मी अकरावीत पाठ केला होता.

बिल्डरने पस्तीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात एक दिवा, एक पंखा, एक छोटं सॉकेट दिलं. हॉलमध्ये टीव्हीसाठी मात्र दोन. तिथे रोज सहा तास उभं राहणाऱ्या बाईला कुणी विचारलं होतं? मीही नव्हतं विचारलं. २००५ नंतरच्या लोडशेडिंगमध्ये आम्ही इन्व्हर्टरची तिसरी लाइन ओढली. तीसुद्धा हॉल आणि माझ्या अभ्यासाच्या खोलीत. स्वयंपाकघरात मेणबत्ती.

या वेळी वायरमनने विचारलं, "पॉइंट कुठे काढू?" मी हिच्याकडे बोट दाखवलं. ती ओट्यापाशी उभी राहिली, हात कुठवर जातो ते बघितलं आणि खडूने खुणा केल्या. शेगडीपासून लांब, नळाचं पाणी उडणार नाही अशा. चार मोठी सॉकेट, दोन सर्किटांवर, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, प्रत्येकाला २० अँपिअरचा एमसीबी. शिवाय बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. माणसाला शॉक बसला तर तो पुरवठा तोडतो. एमसीबीचं ते काम नव्हे, हे मला वायरमननेच शिकवलं. मंजूर भार वाढवायचा अर्जही दिला.

"अहो, खाली स्कूटर चार्ज करायलाही एक लाइन घ्या," असं ती म्हणाली. तो विषय सोसायटीच्या सभेत तीन वेळा निघालाय. पुढची सभा रविवारी आहे.