महिन्यांचं बारसं

माझी सगळी नोकरी नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर गेली. त्यामुळे इतिहास वाचतानाही नजर आधी रजिस्टरकडे जाते. फ्रेंच राज्यक्रांती म्हटलं की लोकांना गिलोटिन आठवतं. मला आठवतो २० सप्टेंबर १७९२ चा कायदा. जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी त्याने पाद्र्यांकडून काढून नगरपालिकांकडे दिल्या. आमच्या खात्याचा मूळपुरुष तो कायदाच.

पुढच्याच वर्षी पंचांग बदललं. रविवार गेले, संतांचे दिवस गेले, आठवडा दहा दिवसांचा झाला. महिन्यांना नावं ठेवायचं काम आलं फाब्र देग्लांतीन या नाटककाराकडे. गडी नावं रचण्यात आधीपासूनच पटाईत. जन्माचा नुसता फाब्र. तुलूझच्या काव्यस्पर्धेत सोन्याचं रानगुलाबाचं फूल मिळाल्याची थाप मारून त्याने ते फूल आडनावाला चिकटवलं होतं. महिन्यांची नावं मात्र त्याने झकास केली. हिवाळ्यात बर्फाचा निवोज, पावसाचा प्लुविओज, वाऱ्याचा वाँतोज. वसंतात अंकुरांचा जेर्मिनाल, फुलांचा फ्लोरेआल, कुरणांचा प्रेरिआल. ऋतू बदलला की यमक बदलतं. रोजच्या तारखेलाही संताऐवजी एखादं झाडझुडूप, जनावर नाहीतर अवजार.

पोरांची नावं संतांच्या यादीतून घ्यायची जुनी सवय होती. यादी बदलल्यावर क्रांतीच्या भरात काही घरांत फ्लोरेआल आणि जेर्मिनाल रांगू लागले. खुद्द फाब्रला ५ एप्रिल १७९४ रोजी क्रांतीचा पुढारी दाँतों याच्याबरोबर गिलोटिनवर चढवलं. त्याच्याच पंचांगाप्रमाणे तारीख होती १६ जेर्मिनाल.

मग नावांना लगाम घालणारा कायदा आला. मुलाचं नाव प्रचलित पंचांगांतलं किंवा प्राचीन इतिहासातल्या व्यक्तीचं हवं. दुसरं काही कारकुनाने लिहून घ्यायचं नाही. हा कायदा १८०३ चा, पण ओळखला जातो ‘११ जेर्मिनाल, वर्ष ११’ या तारखेने. नेपोलियनने १ जानेवारी १८०६ पासून ते पंचांगच मोडीत काढलं, तरी ही तारीख फ्रान्सच्या नोंदणी कचेऱ्यांत १९९३ पर्यंत हुकूम चालवत राहिली. सरकारी कागद असाच असतो. आमच्याकडे गुरुजींनी शाळेत नाव घालताना ठोकून दिलेली १ जून ही जन्मतारीख पेन्शनपर्यंत सोबत करते, तसंच हे.

जेर्मिनालला दुसरा जन्म दिला एमिल झोलाने. खाणकामगारांच्या संपावरची त्याची याच नावाची कादंबरी १८८५ मध्ये आली, आणि १९०२ मध्ये त्याच्या अंत्ययात्रेत खाणकामगार ‘जेर्मिनाल! जेर्मिनाल!’ असा घोष करत चालले. महिना आता कामगारांचा झाला. स्पेनमधल्या अराज्यवाद्यांनी पोरांना चर्चमधलं नाव नको म्हणून हौसेने जेर्मिनाल, फ्लोरेआल ठेवलं. आपल्याकडचे कार्तिक, श्रावण, फाल्गुनी देवधर्माच्या पंचांगातून आले. ही नावं नेमकी देवधर्माला टाळून आलेली. १९३९ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात सेनापती फ्रँको जिंकला आणि लाखो स्पॅनिश निर्वासित पिरेनीज ओलांडून फ्रान्समध्ये शिरले. फ्रान्सने टाकलेला महिना स्पॅनिश पोरांच्या अंगावरून फ्रान्समध्ये परतला. दॉर्दोन्य जिल्ह्यातून १९९७ मध्ये संसदेत निवडून गेलेल्या समाजवादी खासदाराचं नावच जेर्मिनाल पेरो.

१९९३ पासून तिथे आईबाप म्हणतील ते नाव कारकून आधी लिहून घेतो. पोराचं नुकसान होईल असं वाटलं तर सरकारी वकिलाला कळवतो. ही पद्धत मला पटते. टेबलामागे बसणाऱ्याने नाक फार खुपसू नये, शुद्धलेखन तेवढं नीट बघावं.