पाहणे आणि ओळखणे

डोळे उघडले की जग दिसते. त्यात विचार करण्यासारखे काय आहे, असे आपण म्हणाल. पण याच साध्या गोष्टीवर मोठमोठ्या पंडितांनी तीनशे वर्षे वाद घातला आहे.

डब्लिनमध्ये विल्यम मॉलिन्यू नावाचा एक विद्वान होता. त्याच्या पत्नीची दृष्टी लग्नानंतर लवकरच गेली होती. १६८८ साली त्याने एक प्रश्न मांडला. समजा, एक जन्मांध माणूस आहे. गोळा कोणता नि चौकोनी ठोकळा कोणता, हे त्याला हाताने चाचपून बरोबर कळते. उद्या त्याला दृष्टी आली, तर हात न लावता, नुसत्या नजरेने तो त्या वस्तू ओळखील का? जॉन लॉक या तत्त्ववेत्त्याने १६९४ साली हा प्रश्न आपल्या ग्रंथात छापला आणि मॉलिन्यूप्रमाणेच 'नाही' असे उत्तर दिले. लायब्निट्सचे मत निराळे. त्या दोन वस्तू कोणत्या एवढे आधी सांगा, मग तो बुद्धीने ओळखील, असे तो म्हणे.

मुद्दा असा की, दिसण्याचा अर्थ मनात उपजतच असतो, की बाहेरच्या जगाशी व्यवहार करून तो कमवावा लागतो?

१७२८ साली लंडनचा शस्त्रवैद्य चेसेल्डन याने एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेनंतर त्या मुलाला सगळ्या वस्तू डोळ्यांना टेकल्यासारख्या वाटत. मांजर कोणते नि कुत्रा कोणता, हे तो विसरे. अखेर त्याने मांजराला धरले, चाचपले, निरखून पाहिले, तेव्हा कुठे खूण पटली!

पुढचा पुरावा आपल्याच देशातला आहे. पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांची परीक्षा झाली. निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर लगेच, पाहिलेली वस्तू पाहून ओळखणे त्यांना जमले. पण चाचपलेली वस्तू पाहून ओळखणे जमेना. मात्र ज्यांची पुन्हा परीक्षा घेता आली, त्यांना ते थोड्याच दिवसांत जमू लागले.

म्हणजे दोन आकारांतला फरक डोळ्यांना दिसला. पण हाताला ठाऊक असलेली वस्तू ती हीच, हे जगात वावरूनच कळले. म्हणून मूल मोतीबिंदू घेऊन जन्मले, तर त्याला वेळीच डॉक्टरांकडे न्या. आणि उशीर झाला असेल, तरी आता काय उपयोग, असे म्हणून घरी बसवू नका. नजर शिकते, बरं का!